कॅमेऱ्याला नऊ मार्क

आमच्या घरातल्या माणसाचं नाव ओमप्रकाश. पोटासाठी छोटा हत्ती चालवतात. पुसेगाव, सेनगाव, हिंगोली, जवळा बाजार, जिकडं माल तिकडं गाडी. अन् जिवासाठी फोन तपासतात. विकत न्हाईत, दुरुस्त करत न्हाईत, नुसते तपासतात, अन् मग दुसऱ्या फोनसमोर उभं राहून सगळ्या दुनियेला सांगतात की ह्यो घ्या, त्यो घेऊ नका. सोयरीक ठरली तवा माझ्या बापाला सांगितलं होतं, पोरगा ड्रायव्हर हाय, निर्व्यसनी हाय. ह्या व्यसनाचं कुणी बोललंच न्हाई.

मी शितल, त्यांची बायको. घरी आमी आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो, पण हे व्हिडिओ मराठीत करतात, म्हणून मी बी मराठीतच सांगून राहिले.

चॅनलचं नाव 'तांड्यावरचा मोबाइल'. सुरुवात ठरलेली, 'जय सेवालाल, राम राम, जय भीम, सलाम, ज्याला जे पायजे ते घ्या अन् बसा.' मग फोन वर धरायचा. त्यांचं म्हणणं एकच, शहरातले लोक फोन एसीत बसून तपासतात, गुळगुळीत टेबलावर. 'आपल्या माणसाचा फोन टेबलावर राहतो का? त्यो बंडीच्या खिशात राहतो, घामात राहतो, ट्रॅक्टरच्या बोनेटवर राहतो.' म्हणून ह्यांची तऱ्हा येगळी. मातीच्या हातानं फोन उघडतो का बघायचं. भर उन्हात शेतात उभं राहून स्क्रीन वाचायचा. गाडी खड्ड्यातून नेताना फोन जागचा हालतो का, ते बघायचं. एकदा तर फोडणीच्या आवाजात रिंग ऐकू येते का ते तपासायला मला पुन्हा फोडणी घालायला लावली. मी म्हणलं, 'तेल काय तुमचा चॅनल देऊन राहिला का?' पण ऐकतील तर शपथ.

येडे हेत, पण खरं बोलतात. फोन वाईट असला तर वाईट म्हणतात. जवळा बाजारात रत्नपालभाऊंचं मोबाइलचं दुकान हाय. नवा फोन आला की भाऊ तो ह्यांना चार दिवस वापरायला देतात. तांड्यावरच्या, वाडीवस्तीवरच्या माणसांचा ह्यांच्या बोलण्यावर भरोसा, अन् ती माणसं फोन घ्यायला रत्नपालभाऊंकडंच जातात. दोघांचं बराबर जमलंय.

तर ह्या फाल्गुनात एक नवा फोन आला. लई महाग न्हाई, लई स्वस्त न्हाई, पोराच्या कॉलेजासाठी बापानं जीव मोठा करून घ्यावा तसल्या किमतीचा. कंपनीचं नाव सांगत न्हाई, मला काय करायचंय. दिसायला देखणा. पाठ निळी, उजेडात फिरवली की हिरवी मारायची. पातळ इतका की हातातून सुळकन निसटायचा, म्हणून दिसण्याला सात मार्क. कामाला चांगला. दिवसभर नकाशा चालू, गाणी चालू, तरी तापला न्हाई, अडकला न्हाई, चार्जिंग संध्याकाळी बी शिल्लक. कामाला आठ मार्क. राहिला कॅमेरा.

कॅमेरा तपासायला आमच्या घरी एकच माणूस, दादी. ह्यांची आजी रूपाबाई. सासू-सासरे ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेले. जाताना सासू मला एवढंच म्हणली होती, 'शितल, घराला कुलूप न्हाई लागलं तरी चालंल, पण दादीवर नजर ठेव.' दादीला ऐकू कमी येतं. अन् हल्ली मधूनच काळ-वेळ विसरते. मला सुनेच्या नावानं हाक मारते, मेलेल्या नवऱ्याला जेवायला वाढलं का म्हणून विचारते. मग पुन्हा पहिल्यासारखी होते अन् मला चार शिव्या घालते. तोंड मात्र शाबूत हाय. फेट्या-कांचळीचं, म्हणजे आमच्या घागरा-चोळीचं, वजन झेपेना म्हणून तिनं ती कवाच सोडली, आता साधं लुगडं. पण तोंडावरचं गोंदण तसंच. कपाळावर, दोन्ही कानशिलांवर, गालावर, अन् हनवटीवर तीन ठिपके. बोलायला लागली की ते तीन ठिपके नाचतात.

तर ह्यांनी दादीला अंगणात खाटेवर बसवलं, संध्याकाळचं ऊन तोंडावर येईल असं. 'दादी, बोलू नको, हालू नको.' दादी बिचारी गप बसली. फोटो काढला अन् सगळ्या तांड्याला दाखवत सुटले. 'बघा, बघा! हीरोइनीची आजी वाटते का न्हाई?' जो तो वा वा करायला लागला. मी चुलीपुढं होते, हात पिठाचे. मी बी वरवर बघितला अन् म्हणलं, 'छान आलाय.' हे छाती फुगवून म्हणाले, 'कॅमेऱ्याला नऊ मार्क. आजवर कुणाला दिले न्हाईत.'

दुसऱ्या दिवशी त्यांना तुरीचे कट्टे घेऊन जवळा बाजारला जायचं होतं, अन् बाजाराचा दिवस. दादी हट्टाला पेटली, मला बी यायचंय. बाजार म्हणलं की दादीला माहेर आठवतं. हे म्हणाले, 'चल. तिखटाचे ढीग, बांगड्या, गर्दी, सगळं व्हिडिओत घेतो अन् मधी तुला उभी करतो.' मी म्हणलं, 'आवं, हात सोडू नका तिचा.' म्हणाले, 'मी काय लेकरू हाय का?'

दुपारी फोन आला. आवाजच येगळा. 'शितल, दादी घरी आली का?'

'घरी? ती तर तुमच्यासंगं हाय!'

'चहाच्या टपरीवर बसवली होती गं. पलीकडं मिरचीच्या ढिगाचा व्हिडिओ काढायला गेलो. माघारी आलो तर बाकडं रिकामं.'

पहिल्यांदा तोंडातून शिव्याच निघाल्या. मिरचीचा ढीग काय पळून चालला होता का? मग रडू आलं. सासूला काय सांगू? ऐकू कमी येणारी, कवा काय विसरेल ह्याचा भरोसा नसलेली म्हातारी, अन् त्या बाजारात तसल्या लुगड्याच्या म्हाताऱ्या ढिगानं. कुणाला आपलं गाव सांगायला तिला जमंल का? ऊन तर असं की जवान माणसाला चक्कर यावी.

हे सगळीकडं फिरले. बांगड्यांच्या दुकानात, दवाखान्यात, बसथांब्यावर, चौकीत. जो दिसंल त्याला नव्या फोनमधला फोटो दाखवला. जीपवाल्यांना एकेकाला थांबवून दाखवला. सगळ्यांनी माना हालवल्या. 'अशी म्हातारी न्हाई बघितली भाऊ.' रत्नपालभाऊंनी दुकान पोरावर सोडलं अन् तोच फोटो त्यांच्याकडं असलेल्या सगळ्या नंबरांवर, सगळ्या ग्रुपांवर पाठवला. चौकीतून बी तोच फोटो पुढं गेला. कुरुंदा, वसमत, औंढा, सगळीकडं. एक बी फोन उलटून आला न्हाई. दिवस कलायला लागला.

मी घरी नुसती येरझारा घालत होते. फोन हातातच. तेवढ्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलेलं, 'ही आजी हरवली आहे, कुणाला दिसल्यास कळवा.' आता खरं सांगते. मी फोटो बघितला अन् मनात म्हणलं, आगं बाई, आजच आणखी कुणाची तरी आजी हरवली. अन् पुढं सरकवणार होते!

मग खाट दिसली. आमचीच खाट. मागं आमचाच लिंब. ही दादी? मी रोज जिचे पाय चेपते, जिच्या केसाला तेल लावते, ती ही? फोटो मोठा करून बघितला. गोरीपान म्हातारी. गालावर एक सुरकुती न्हाई. कपाळ कोरं. कानशिलं कोरी. हनवटी लहान लेकराच्या हनवटीवाणी कोरी. गोंदणाचा एक ठिपका शिल्लक न्हाई.

मी ह्यांना फोन लावला. 'आवं, त्या फोटोत दादी न्हाई!'

'डोकं नको खाऊ शितल. आधीच माझं डोकं ठिकाणावर न्हाई. दादीचाच फोटो हाय, मीच काढलाय.'

'तुमी काढला, पण त्यात दादी न्हाई. हनवटी बघा. मोठा करून बघा.'

त्यांनी फोटो उघडला. मागून बाजाराचा कालवा ऐकू येत होता, कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. मग एकदम लहान पोरासारखा आवाज आला. 'शितल, त्यानं तोंड साफ केलंय गं. ते तोंड गोरं करायचं ब्युटी चालूच होतं. आपोआप चालू असतंय ते. अन् मी त्याला नऊ मार्क दिले.'

'मार्क घाला चुलीत!' मी ओरडले. 'दुसरा फोटो पाठवा.'

पण दुसरा फोटो कुठं होता? जेवढे फोन तपासायला आले तेवढे माघारी गेले, त्यांच्यासंगं दादीचे फोटो बी गेले. आधारकार्डावरचा फोटो तर असा की कुणी ओळखला तर मीच त्याच्या पाया पडंन. मग मला आठवलं. माझ्या फोनमध्ये एक होता. माझा फोन म्हणजे काच तडकलेली, कॅमेऱ्यावर ओरखडा, हे त्याला घरात घ्यायला बी लाजतात. मागल्या महिन्यात तूर वाळत घातली तर दादी माझ्या अंगावर धावून आली, वाळत घालायची अक्कल न्हाई म्हणून. मी मुद्दाम तसाच फोटो काढला अन् माझ्या बहिणीला पाठवला, 'बघ, माझी आजेसासू कशी भांडते.' फोटोत दादीचं बोट माझ्या नाकावर, तोंड उघडं, दात दोनच, रंग आमचा हाय तसा सावळा. अन् गोंदण एकूण एक दिसतंय.

तोच पाठवला. रत्नपालभाऊंना, ग्रुपांना, ज्याचा नंबर सापडंल त्याला. खाली माझा नंबर लिहिला. अन् देवापुढं जाऊन बसले.

बसले न बसले तोच फोन वाजला. कुणी पोरगी बोलत होती. 'ताई, मी कुरुंद्याहून ऐश्वर्या बोलते. तुमी आत्ता एक फोटो टाकला ना, भांडणाऱ्या आजीचा?'

'व्हय, व्हय! कुठं हेत?'

'आमच्या अंगणात. हळद निवडून राहिल्या. दुपारपासून आमच्या आईला नुसत्या ओरडून राहिल्या, गड्डे अन् हळकुंडं नीट येगळी करता येईनात म्हणून.'

मी मटकन खाली बसले अन् हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, रडता रडता पुन्हा हसायला. बाजूच्या बाया धावत आल्या, त्यांना वाटलं वाईट बातमी आली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

झालं असं होतं. टपरीवर बसल्या बसल्या दादीच्या कानाशीच जीपवाला ओरडला, 'कुरुंदा, कुरुंदा!' दादी तरुण असताना दर उन्हाळ्याला तांड्यावरच्या बायांसंगं कुरुंद्याला हळदीच्या कामाला जायची. तिच्या डोक्यात ते दिवस उगवले. ती जीपमधी बसली, कुरुंद्यात उतरली, हळद शिजल्याच्या वासावर चालत गेली अन् ज्या अंगणात बाया हळदीपुढं बसल्या होत्या तिथं जाऊन कामाला लागली. ते घर सोजराबाईंचं. सोजराबाईंना वाटलं, ही मजुरांच्या टोळीतली. टोळीवाल्या बायांना वाटलं, ही सोजराबाईंची पाहुणी. विचारायची सोय न्हाई, कारण दादी कुणाला बोलूच देत नव्हती. तिला पाणी दिलं, चहा दिला, भाकरी दिली. एवढं सगळं झालं, पण ती हरवलीय हे कुणाच्या मनातच आलं न्हाई.

ऐश्वर्या नंतर मला म्हणाली, 'ताई, पहिला फोटो आला तवा आजी माझ्यासमोर बसल्या होत्या, हाताच्या अंतरावर. मी फोटो बघितला अन् त्यांनाच दाखवला बी. म्हणलं, आजी, बघा कुणाची तरी म्हातारी हरवली.'

'मग दादी काय म्हणली?'

'म्हणल्या, बड्या घरची दिसते, सापडंल.'

आता ह्यावर काय बोलावं माणसानं!

हे गाडी घेऊन सुटले ते थेट कुरुंद्याला. वाटेत तो जीपवाला भेटला, दुसरा फोटो बघून कपाळावर हात मारला. 'आरं, ही तर माझ्याच जीपमधी होती! तू दुपारी मला त्या गोऱ्या बाईचा फोटो काहून दाखवला?' सोजराबाईंच्या अंगणात गेले अन् दादीच्या मांडीवर डोकं ठेवून सगळ्यांदेखत रडले. सोजराबाई म्हणाल्या, 'रडू नको लेका, सापडली ना?' दादी म्हणाली, 'ऊठ, हळद तुडवून राहिला.'

दिवेलागणीला गाडी तांड्यात शिरली तवा सगळा तांडा रस्त्यावर. दादी पुढं बसलेली, हात कोपरापर्यंत पिवळे, पदरात सोजराबाईंनी बांधून दिलेली हळद. मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, 'काहून रडून राहिली? मेलं का कुणी?' मग मला बाजूला सारून घरात गेली अन् चुलीवरचं पातेलं उघडून बघितलं. सासूला मी फोन केला तवा सगळं सांगितलं, कारण आता सांगायला भीती नव्हती. सासू आधी मला बोलली, मग लेकाला बोलली, मग ती बी रडली. त्या रात्री आमच्या घरात सगळे गाढ झोपले.

रत्नपालभाऊ दुसऱ्या दिवशी तांड्यावर आले, तोंड पाडून. म्हणाले, 'ओमप्रकाश, फोन परत दे. ह्याचा व्हिडिओ नको करू.' हे म्हणाले, 'भाऊ, फोनची चूक न्हाई. ते ब्युटीचं बंद करता येतं. मी आजवर एवढे फोन तपासले, पण फोटोतलं माणूस ओळखू येतं का, हे कवा तपासलंच न्हाई. नुसतं छान दिसतं का तेवढंच बघितलं.' भाऊ म्हणाले, 'मग हेच बोल. माझ्या दुकानाचं मी बघतो.'

व्हिडिओ केला. दिसण्याला सात, कामाला आठ, हे नेहमीसारखं सांगितलं. कॅमेऱ्यापाशी आले अन् बाहीनं डोळे पुसायला लागले. तो तुकडा त्यांनी काढून टाकला न्हाई, तसाच ठेवला. म्हणाले, 'मंडळी, ह्या कॅमेऱ्याला मी आधी नऊ मार्क दिले होते. आता मार्क देत न्हाई. तुमी कुठला बी फोन घ्या, पण घेतला की पहिल्यांदा त्यातलं ब्युटी बंद करा, घरच्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढा, अन् शेजाऱ्याला दाखवा. शेजाऱ्यानं नाव घेतलं तरच कॅमेरा पास.' आमच्या ह्यांनी एवढं शहाण्यासारखं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

अन् मग त्यांच्या डोक्यात आलं, फोन परत द्यायच्या आधी तांड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे सरळ फोटो काढून ज्याच्या त्याच्या घरच्यांना देऊन टाकायचे. लिंबाखाली खाट टाकली. म्हाताऱ्या-कोताऱ्यांची ही गर्दी झाली. शेजारच्या सखुबाई काकी सगळ्यात आधी हजर, धुतलेलं लुगडं, अन् तोंडाला सुनेची पावडर थापून. ह्यांनी फोटो काढला अन् दाखवला. काकींचं तोंड उतरलं.

'आरं ओम्या, एवढी काळी हाव का मी? रूपाला कसं गोरंपान केलं होतं! मला काहून न्हाई?'

मी हसायला लागले, पण हे हसले न्हाईत. खाली वाकून काकींच्या कानाशी म्हणाले, 'काकी, उद्या तुमी हरवल्या तर मला गोरी काकी कशाला? हीच पायजे.'

काकींनी फोन बाजूला सारला. मग पदराचं टोक ओलं केलं, तोंडावरची पावडर खसाखसा पुसून काढली, अन् कपाळावरचा पदर मागं सारला.

'काढ मग,' म्हणाल्या.